साडेचार चौरस मीटर

शिरोड्याच्या बलकांवात, टेबलावर
बारा फुटांचे पंख उघडेच पडलेत.
बाल्साच्या फासळ्या, मोजून चौसष्ट;
मधून वारा जातो, मुंग्या जातात,
मांजर तर आत शिरून झोपतं.
सांगाडा कायतानने जोडला, आणि कातडं माझ्यावर सोपवून
तो स्विंडनला गेला, गोदामात खोकी उचलायला.

आठवडाभर नमुने जमवतोय.
हे रेशीम, म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातलं.
बोट लावताच खानदानी असल्याचं कळतं,
पण त्याला डोपचे चार हात पाजावे लागतात
आणि इथल्या दमट हवेत तरीही ते ढिलं पडतं,
जेवून उठलेल्या माणसासारखं.
हा आकाशकंदिलाचा कागद. वजन जवळजवळ नाहीच,
आणि काजूची एक फांदी लागली की संपला.
हे नायलॉन. दणकट. बधिर.
हे अस्तर फिलोमेना शिंपिणीने दिलं,
नवरीच्या पांढऱ्या झग्याच्या आतलं.
म्हणाली, "बाहेरचं सगळे बघतात रे,
झगा उभा धरतं ते हे."
खरं आहे. पण चार मीटरला ते किती पितं
ते तिला कुणी विचारलं नव्हतं.

उरली फिल्म. इस्त्रीने आवळणारी.
तिच्यात दोन जाती, जाड आणि बारीक.

वीतभर चौकोन कापून विठू शेटकडे नेले.
त्याने पंखा बंद केला,
काट्याचं काचेचं दार लावलं,
सोन्यासाठी रोखतो तेवढाच श्वास रोखला.
हिशोब करून म्हणाला,
"जाड ती पासष्ट ग्रॅम, बारीक ती पस्तीस, चौरस मीटरामागे.
घट धरायची की नाही?"

साडेचार गुणिले तीस.
एकशे पस्तीस.
म्हणजे दोन उंडे, फार तर वर एक लिंबू.
एवढ्यासाठी झोप घालवतात का, बायकोने विचारलं.
तिला कसं सांगू,
शेपटीत एक ग्रॅम वाढला
की नाकात तीन भरावे लागतात,
पागेराच्या कडेचं शिसं कापून;
मग ते विमान राहत नाही,
जाळंच होतं. फेकलं की बुडतं.

कायतानचा फोन आला, रात्रपाळी संपवून.
"कुठवर आलं?"
अजून वजनातच अडकलोय, म्हटलं.
तो हसला नाही.
तेवीस किलोत घर बसवलं होतं त्याने.
दाबोळीला बॅग दोनदा काट्यावरून उतरवली;
आधी लोणच्याची बरणी काढली, मग जाड बूट,
शेवटी आईने शिवलेली गोधडी.
ती माझ्या स्कूटरवरून परत आली.
आता पंखाखाली अंथरलीय, बाल्साला चरे पडू नयेत म्हणून.
हे मी त्याला सांगितलेलं नाही.

"बारीक घे," तो म्हणाला, "आणि आरपार दिसणारी.
खालून बघताना उन्हात फासळ्या दिसू देत.
एक वाकडी आहे, डावीकडून अकरावी.
त्या दिवशी व्हिसाचा कागद आला होता."

पिवळी घेतली.
इस्त्रीच्या तळाला जुना सुती मोजा चढवला.
पहिल्याच तुकड्याला भोक पाडलं, कोनाएवढं,
दुसरा वितळून फासळीला चिकटला,
तिसऱ्याला धीर आला, किंवा मला.
कडा आधी, पोट नंतर.
सुरकुती पुढे पळते, इस्त्री मागे,
आणि एका क्षणी ती कुठे गेली ते दिसतच नाही.

टिचकी मारून बघितली.
शिगम्याआधी घुमट उन्हात ठेवतात,
संध्याकाळी उचलून अंगठ्याने विचारतात
ना, तसं.
बोललं.

सड्यावर रविवारी नेईन, वारा पडला तर.
मांजर आलं मघाशी.
पंजाने चाचपलं, आत जायला वाट नाही.
मग टेबलाखाली जाऊन बसलं,
मीही वाकून बघितलं.
उन्ह पंखातून उतरत होतं,
फरशीवर पिवळ्यात काळ्या रेघा,
आठ, नऊ, दहा,
हं.