तिऱ्हाईत

रबाळे नाक्याच्या अलीकडे, पुलाच्या सावलीत
माझं टेबल. एक प्रिंटर, एक बॅटरी,
कागद उडू नयेत म्हणून ठेवलेला जुना स्पार्क प्लग.
पाटीवर लिहिलंय : दुचाकी विमा, पाच मिनिटांत.
विम्याला पाच मिनिटं लागत नाहीत. घासाघिशीला लागतात.

"ताई, सगळ्यात स्वस्त कुठला?"
थर्ड पार्टी. कायद्याला तेवढा पुरतो.
"त्यात मला काय मिळतं?"
काही नाही. गाडी चोरीला गेली, काही नाही.
टाकी चेपली, आरसा फुटला, काही नाही.
"मग मिळतं कोणाला?"
तू ज्याला उडवशील त्याला.

इथे पोरं हसतात.
एखादा हँडलला हात लावून देवाचं नाव घेतो.
तौफिक, पाठीवर जेवणाची लाल पेटी, म्हणाला,
म्हणजे मी अनोळखी माणसाचा हप्ता भरायचा?
आणि मढवीकाका तर दिवा गावातून जेट्टीपर्यंतच जातात,
मागे मासळीचा डबा, पुढे नातू.
"वाटेत सगळी आमचीच माणसं गं,
तिऱ्हाईत आणू कुठून?"

मी फॉर्म भरते.
मालकाचं नाव असतं. कंपनीचं असतं.
कर्ज असेल तर बँकेचं. वारसाचं, त्याचं वय, नातं.
इंजिनाला नंबर, चासीला नंबर.
ज्याच्यासाठी हा कागद आहे
त्याच्या नावाला रकाना नाही.
तो अजून घरातच असेल, चप्पल शोधत.

मी शोधत होते.
घणसोलीत, सहा वर्षांपूर्वी, मंगळवारी.
एक पट्टा सुटलेली, पिनेनं जोडलेली.
कोथिंबीर आणायला रस्ता ओलांडला.
पुढचं तुम्ही माझा डावा पाय बघून ओळखलंच असेल.

पोराचं नाव मच्छिंद्र ढवळे. रात्रपाळी करून येत होता.
पळाला नाही. रिक्षात माझं डोकं मांडीवर धरून बसला,
सारखं विचारत राहिला, काकू, घरचा नंबर सांगा, नंबर.
त्याची पॉलिसी सोमवारी रात्री बाराला संपली होती.
मला धडक बसली सकाळी सव्वासातला.
सात तास पंधरा मिनिटं.
ठाण्याच्या कोर्टात कंपनीच्या वकिलानं
ते तास इतके सावकाश मोजले,
जसं कोणी दुसऱ्याचं सोनं मोजावं.

कंपनी सुटली. रक्कम त्याच्या अंगावर आली.
त्यानं गाडी विकली. मग दर दहा तारखेला
पाकीट घेऊन यायचा. चपला काढायचा, पण उंबरा ओलांडायचा नाही.
तीन हजार, कधी अडीच,
एकदा दोन हजार आणि गावच्या शेंगांची पिशवी.
पाणी दिलं तर उभ्यानं प्यायचा.
चौदा पाकिटं आली.
पंधरावं आलं नाही.

नणंद म्हणाली, वसुलीचा अर्ज टाक.
अर्ज लिहून ठेवलाय, रेशनकार्डाच्या प्लास्टिकमध्ये.
कधी संताप येतो. कधी रात्री वाटतं,
तेव्हा त्याच्याकडे साडेआठशे रुपये नव्हते
की नुसती आठवण राहिली नव्हती?
दोन्हींत फरक आहे.
पायाला तो कळत नाही.

म्हणून मुदतीच्या आठ दिवस आधी मी फोन करते.
पोरं म्हणतात, बाई धंद्याला फार चिकट.
म्हणू देत.
"काका, आज रात्री बाराला संपतोय तुमचा."
"उद्या भरतो की."
"मग उद्या जेट्टीवर चालत जा."
शिव्या घालत येतात. नोटा ओल्या, खाडीचा वास.
प्रिंटर कुरकुरतो, कागद गरम निघतो.

"कोण गं हा तुझा तिऱ्हाईत?
त्याला एकदा दाखव तरी," काका म्हणतात
आणि डिकीत कागद कोंबून निघून जातात.

मी टेबलाखालची काठी घेते.
चहा पलीकडच्या टपरीवर मिळतो.
सिग्नल लाल होईपर्यंत थांबते.
झाल्यावरही थोडी थांबते.