शटरच्या आतली यादी

रात्री पावणेनऊला लेथ थांबवतो.
केरबा लोखंडाचा कीस झाडून पत्र्याच्या डब्यात भरतो,
मी शटर आतून खाली ओढतो
आणि त्याच्या पट्ट्यांवर खडूनं उद्याची कामं लिहितो.
एका पट्टीवर एक काम,
सगळ्यात निकडीचं सगळ्यात वर.
वडीलही असंच लिहायचे.

वडणग्याच्या गुऱ्हाळाची पिन. रस थांबत नाही, आंबतो.
इचलकरंजीचे चार शाफ्ट.
वीजबिल, उद्या शेवटची तारीख.
नेर्लेकरांना फोन, मागच्या बाकीचा.
केरबाला उचल.
वैजयंताच्या शिलाई मशीनचा बुश.

मग दिवा घालवून
मागच्या बोळातल्या दारानं घरी.

सकाळी बाहेरून कुलूप काढून शटर वर ढकललं
की यादी खडखडत वर जाते,
गुंडाळून बसते.
दिवसभर ती माझ्या डोक्यावर असते,
डोक्यात नसते.

दारात उभा राहून जो ओरडतो त्याचा नंबर पहिला.
जो चहा सांगतो त्याचा दुसरा.
गोकुळ शिरगावचा पोरगा गाडी बंदसुद्धा करत नाही,
"काका, दोनच सूत कमी करायचंय ओ," म्हणतो,
त्या दोन सुतांत माझी दुपार जाते.

रात्री शटर खाली येतं
तेव्हा पट्टीवर पट्टी घासून
अक्षरं एकमेकांच्या घरात शिरलेली असतात.
गुऱ्हाळाचं वीजबिल.
शाफ्टला उचल.
केरबा हसतो, मीही हसतो,
फडक्यानं सगळं पुसतो,
आणि जे राहिलं ते पुन्हा लिहितो.
बुश पुन्हा लिहितो.

दहा मिनिटांचं काम.
दिवसाला चाळीस बुश काढणारा माणूस मी.
मोठ्या कामाला तारीख असते,
दहा मिनिटांच्या कामाला नुसतं उद्या.
कधीच वर नव्हता असंही नाही,
गणपती गेल्यावर चांगला आठवडाभर
पहिल्या पट्टीवर होता.

सोमवारी उद्यमनगर बंद.
चष्मा विसरला होता म्हणून बोळातून आत गेलो.
शटर खाली. बल्ब लावला.
आणि भर दिवसा, एवढ्या वर्षांत पहिल्यांदा,
अख्खी यादी समोर उभी.
तेव्हा कळलं,
जी पट्टी सगळ्यात वर
तीच सगळ्यात आधी गुंडाळली जाते,
सगळ्यात आत, पाइपाला चिकटून.
वडिलांना कुणी सांगितलं नसेल.
किंवा त्यांच्या वेळी
कामंच तीन असतील.

गनमेटलचा तुकडा चकात धरला.
बाहेरून पॉलिशही मारलं,
जिथं मशीन सोडून कुणी बघणार नव्हतं.
नऊ मिनिटं लागली.

खिशात अजून गरम होता तो
घरी पोचलो तेव्हा.
वैजयंता कुणाच्या तरी पोलक्याला बाही लावत होती.
चाक गुळगुळीत फिरत होतं,
आवाज नाही, डुगडुग नाही.

"अहो, ते मगदूमांनी बसवून दिलं की,"
डोकं वर न करता ती म्हणाली,
"गेल्या दसऱ्याला. पैसे घेईनात,
मग त्यांच्या सुनेचे दोन ब्लाऊज शिवले."
दोरा दातानं तोडला.
"तुमच्या यादीत असंल अजून."

होता.
शेजारच्याच शेडमधला मगदूम,
वर्षभर रोज माझ्याकडून तंबाखू घेतोय,
एका शब्दानं बोलला नाही.

बुश आता गल्ल्यात आहे, चिल्लर पैशांत.

शटर पूर्ण वर गेलं
तरी खालची एक पट्टी बाहेर राहते,
कपाळाच्या उंचीवर, वितभर.
दिवसभर येता-जाता दिसते.
मंगळवारपासून मी खालून वर लिहितो.
गुऱ्हाळवाला खाली आलाय, बिल त्याच्या वर,
आणि त्या दिसणाऱ्या पट्टीवर,
केरबानं वाचून मान वळवली तरी:

वैजयंताला विचारणे,
आता काय मोडलंय.