इतिवृत्तात नसलेलं

इतिवृत्तात एवढंच आहे :
‘महापौर व्हर्ना लाहती यांनी सात वाजता सभा सुरू केली.’
सतरा वर्षं हे वाक्य मी टाइप केलं, मधली दोन सोडून.
ती दारात थांबून बूट झटकायची,
पायपुसण्यावर बर्फाचं पाणी व्हायचं,
सात वाजून चार मिनिटं झालेली असायची.
मी सातच लिहायचे.

महापौर हा शब्दच मोठा.
कॉपर बेंडमध्ये माणसं चार हजार एकशे,
सिग्नल दोन, त्यातला एक कायमचा पिवळा लुकलुकणारा,
आणि सुपीरियर सरोवरावरून येणारा वारा,
जो कुठल्याच ठरावाला जुमानत नाही.
मानधन वर्षाला साडेतीन हजार डॉलर.
पोट चालायचं ते नवऱ्यामागे राहिलेल्या दुकानात,
करवतींना आणि स्केट्सना धार लावून.
लोक करवत ठेवायचे
आणि गल्लीतला खड्डाही तिथेच ठेवून जायचे.

कागदाची गिरणी बंद पडली त्या वर्षी
सभागृहात खुर्च्या पुरल्या नाहीत.
मागून कुणीतरी ओरडलं, ‘कुठेतरी पाणी मुरतंय!’
‘मुरतंय ना,’ ती म्हणाली. ‘थर्ड स्ट्रीटखाली.
रोज चाळीस हजार गॅलन. नळ एकोणीसशे अकराचे आहेत.’
कुणी हसलं नाही.
मी लिहिलं : ‘चर्चा झाली.’

नळ बदलायचे तर हॉकीची रिंक बंद करावी लागणार होती.
तीन विरुद्ध तीन. सातवा हात तिचा.
तो वर गेला तेव्हा बाहीला ग्रीसचा डाग होता.
तिच्या गल्ल्यात निम्मे पैसे स्केट्सचे,
हे सगळ्यांना ठाऊक होतं, आणि कुणीच बोललं नाही.
त्या हिवाळ्यात करवतीही आल्या नाहीत.
अकरा मतांनी पडली.
दोन वर्षांनी परत आली, नऊ मतांनी.
‘म्हणजे अजून दोन मतांचं देणं आहे,’ म्हणाली,
आणि बूट झटकायला लागली.

जमिनीखालच्या नळाची फीत कुणी कापत नाही.
पाटी लावायची तरी कुठे?

चुकाही केल्या. सरोवराकाठची जमीन
सहा रंगीत नकाशे बघून एका कंपनीला दिली.
कंपनी आली नाही, तिचं कुंपण आलं.
‘माझी चूक,’ ती उभी राहून म्हणाली.
हे इतिवृत्तात आहे. तिनेच घालायला लावलं.

पारा उणे तीसला गेला की रात्री फोन फिरवायची
एकेकट्या राहणाऱ्यांना : नळ थोडा सोडून ठेवा,
पेन्सिलीएवढी धार. वाहतं पाणी लवकर गोठत नाही.
मिसेस व्हेलन दर वेळी शिव्या घालायच्या,
आणि नळ सोडायच्या.

जानेवारीत गेली.
जमीन चार फूट खोल गोठलेली, कुदळ शिरेना.
आमच्याकडे मग माणसं थांबतात
दफनभूमीच्या दगडी खोलीत, मे महिन्यापर्यंत.
तीही थांबली, आणखी पाच जणांबरोबर.
त्यातल्या एकाने रिंकसाठी तिच्या दारात गाडी आडवी लावली होती.

तिच्या टेबलाचा खण मी रिकामा केला.
तक्रारींची वही निघाली. प्रत्येक ओळीपुढे तारीख
आणि तिरकं अक्षर : झालं. झालं. बघते.
कितीतरी ठिकाणी : जमलं नाही.
शेवटची ओळ ड्वेनची, जो बर्फ हटवायची गाडी चालवतो :
‘डाव्या आरशाला तडा.’ पुढे कोरं.

ड्वेनला विचारलं. म्हणाला, ‘आहे तसाच.’
विषयपत्रिकेत सगळ्यात खाली मी आरसा घातला.
नवे महापौर सातला पाच कमी असतानाच आले,
कोरड्या बुटांनी. सभा सात वाजता सुरू झाली,
या वेळी खरोखरच.

घरी पोचले तेव्हा उणे एकतीस.
नळ सोडला. धार जाड झाली, बारीक केली.
मग चष्मा शोधला, आणि नंबरांची यादी.
मिसेस व्हेलन म्हणाल्या, ‘ही काय वेळ आहे?’
आणि सुरू झाल्या.
मी फोन कानाला धरून उभी राहिले,
त्यांच्या मागे पाणी ऐकू येईपर्यंत.