रात्रपाळीचा माणूस किल्ली देताना

ही किल्ली. चौदा नंबर, तिसरा मजला.
लिफ्ट आहे, पण तिच्या भरवशावर राहू नका.
आता दोन मिनिटं बसा. चहा घ्या.
चहाचे पैसे नाहीत.

हसलात? बरोबर आहे. इस्तंबूलमध्ये
'पैसे नाहीत' म्हणणाऱ्यापासूनच जपायचं,
माझ्यापासूनसुद्धा.

टॅक्सीत नोट देताना मोठ्यानं म्हणा: दोनशे.
तुमच्या भाषेत म्हणालात तरी चालेल.
नाहीतर तो वाकतो, पायाशी काहीतरी चाचपतो,
वर येतो तेव्हा त्याच्या हातात तुमची वीसची नोट असते.

संध्याकाळी चौकात एक जण काडी मागेल.
गोड बोलेल. तुमच्या गावाचं नाव त्याला माहीत असेल,
त्याचा मावसभाऊ तिथं शिकायला होता.
(असा मावसभाऊ जगातल्या प्रत्येक गावात शिकून गेलाय.)
त्याच्यासोबत एकच ग्लास घ्यायला जाऊ नका.
एक ग्लास काय भावानं पडतो
ते बारा नंबरच्या साहेबांना विचारा.
काल ते घड्याळ ठेवून सुटले.

आणि ब्रश.

बूट-पॉलिशवाला तुमच्या पुढं चालत असेल,
खांद्याला पितळी खोकं, घाईत,
आणि त्याचा ब्रश पडेल.
तुम्ही हाक माराल, उचलाल, धावत जाऊन द्याल.
तो छातीवर हात ठेवेल,
उपकार फेडायला तुमचे बूट चमकवेल, फुकट,
आणि दुसरा बूट होईतो
त्याचं लेकरू अंकाऱ्याच्या इस्पितळात
फार आजारी पडलेलं असेल.

मला कसं ठाऊक?
तीन उन्हाळे मी दुरसुनमामाचं खोकं वाहिलंय.
ब्रश टाकायची तालीम असते.
लाकूड खाली, टक्क वाजलं पाहिजे,
आणि मान वळवायची नाही. काही झालं तरी नाही.
मामा म्हणायचा, दगडाला कोण फसवणार?
आपलं पोट भल्या माणसांवर आहे, बाळा,
अल्ला त्यांना सुखात ठेवो.
आणि हे तो मनापासून म्हणायचा.

म्हणून प्रत्येक पाहुण्याला सांगतो. सात वर्षं झाली.
पुढच्यास ठेच, मागचा शहाणा,
एवढंच पुण्य माझ्या खात्यावर.

मागल्या फेब्रुवारीत डेन्मार्कचे एक मास्तर उतरले होते.
माझं बोलणं त्यांनी वहीत उतरवून घेतलं,
ब्रशचं छोटं चित्रही काढलं.
दुसऱ्या दिवशी गलाताच्या चढावर
माझ्या आईच्या हातून औषधांची पिशवी सुटली.
डबी उघडली. पांढऱ्या गोळ्या
फरसबंदीवरून उड्या मारत खाली.
ती गुडघे टेकून वेचत होती, एकेक,
फुंकर घालून पदरात टाकत.
एक उंच माणूस आला, म्हणाली, लाल मफलर.
थांबला. वाकणारच होता.
मग रस्ता ओलांडून पलीकडून गेला.

रात्री लाल मफलर या काउंटरवर टेकला.
म्हणाला, आज नवीनच प्रकार बघितला,
म्हातारी आणि गोळ्या. तुमच्यामुळे वाचलो.
मला दहा लिरा बक्षीसही दिलं.

मी ते घेतलं.

तर, ब्रश पडला तर उचलू नका.
दुसरं काही पडलं तर...
तर मला नीट सांगता येत नाही.
खरंच काही पडलं की माणूस आधी खाली बघतो,
मग इकडेतिकडे, कुणी पाहिलं का म्हणून.
लाजतो. ती लाज बघा.
मामाला बाकी सगळं जमलं, ती नाही जमली.
पण अंधारात, चढावर, परक्या गावात
तेवढं कोण बघत बसणार.

चहा गार झाला तुमचा. थांबा, दुसरा देतो.
नाश्ता आठला. ऑलिव्ह फार खारट असतात,
आधीच सांगून ठेवतो.