कोमट

लेबलचं नाव होतं ल्यूकवॉर्म. म्हणजे कोमट.
प्रकटीकरणाच्या तिसऱ्या अध्यायातलं,
प्रभू ज्याला तोंडातून ओकून टाकीन म्हणतो, ते.
असलं नाव का ठेवलंस विचारलं
की व्हर्लिन डाइकहाउस म्हणायचा,
"निदान तोंडापर्यंत तरी पोचलो."

मिशिगन सरोवराच्या अलीकडचं आमचं गाव,
लोणच्याच्या कारखान्याच्या आंबट वासातलं,
रविवारी गवतही न कापणारं.
तो दिवसा लोकांकडे गालिचे बसवायचा.
उरलेले तुकडे तळघराच्या भिंतींना ठोकलेले:
शेवाळी, तपकिरी,
आणि दंतवैद्याकडून आलेला एक गुलाबी.
तोच स्टुडिओ.

मी सोळाची.
तासाला तीन डॉलर आणि महिन्याला हवी ती एक कॅसेट.
कागदाच्या तीन घड्या घालायच्या,
नखाने दाबायच्या, डबीत सरकवायच्या,
मग पाकिटावर पत्ता.
नेब्रास्का. मॅनिटोबा. परत नेब्रास्का, तोच मुलगा.
एकदा फिनलंड आलं
तेव्हा ट्रेसाबाईंनी चेरीचा पाय भाजला
आणि आम्ही नकाशात ते गाव शोधत बसलो,
सापडलं नाही.
कागदाच्या तळाशी, मुंगीएवढ्या अक्षरांत,
ढोल, गिटार, आवाज यांच्या खाली
छापलेलं असायचं: घड्या — मारिबेथ.

बँडांची नावं ऐकून माझी आई डोळे मिटून घ्यायची.
योनाची उलटी.
थकलेला दशमांश.
मंडळीचे वडील, झ्वागरमन, एका संध्याकाळी आले,
लोकरीचा कोट न काढता अॅम्प्लिफायरवर बसले,
सैतान कुठे ऐकू येतो का पाहायला.
पहिली बाजू संपेपर्यंत हलले नाहीत.
"शब्द कळत नाहीत," एवढंच म्हणाले,
आणि तपासणीसाठी म्हणून नेलेली कॅसेट
कधी परत केली नाही.

ढोलांच्या मागे घर तापवणारी जुनी भट्टी होती.
दर बारा मिनिटांनी आधी टक्,
मग पोटातून काढलेल्या श्वासासारखा भपका.
जानेवारीत बंद करायची सोय नाही, नळ गोठतात.
तेव्हा गाणी बारा मिनिटांच्या आत,
आणि चुकलं तर पुन्हा भट्टीच्या मर्जीने.
शद्रख, मेशख आणि अबेद्नगो
यांनासुद्धा इतका उकाडा झाला नसेल, असं लॉनी म्हणायचा,
शर्ट पिळत.

मग वितरकाचं दिवाळं निघालं.
आमचे अकरा हजार त्याच्याबरोबर बुडाले.
व्हर्लिनने दोन वर्षं जास्तीचे गालिचे बसवले,
गुडघे गेले त्याचे,
पण बँडांना चेक जात राहिले,
कधी चौदा डॉलरचे, कधी नऊचे.
पाकिटं मीच चिकटवली. त्याचे पैसे मी घेतले नाहीत,
हे त्याने ओळखलं
आणि माझ्या कॉलेजच्या खोलीत गालिचा येऊन पडला,
गुलाबी.

लॉनी आता बोटी विकतो. चर्चला जात नाही.
दफनाच्या दिवशी पार्किंगमध्ये भेटला,
मार्चचा चिखल, बूट हातात धरायची वेळ.
म्हणाला, देवाशी माझं बोलणं बंद आहे गं,
पण नाताळात याला फोन करायचो.
मग बराच वेळ किल्ल्या शोधत राहिला,
त्या हातातच होत्या.

ट्रेसाबाईंनी एक खोकं दिलं.
कॅसेट वाजवायला माझ्याकडे उरलीय ती फक्त जुनी व्हॅन,
म्हणून त्यांच्याच अंगणात, इंजिन चालू ठेवून ऐकली.
दुसरी बाजू, तिसरं गाणं,
गिटार अगदी हळू होते तिथे
टक्.
आणि व्हर्लिनचा आवाज, माइकपासून लांबून:
"थांबा रे पोरांनो. पेटू दे."

कापता आलं असतं. त्याने कापलं नव्हतं.
चार सेकंद नुसता भपका.
कोणीतरी खोकतं, कोणीतरी हसतं, बहुतेक मी.
मग लॉनी चार आकडे मोजतो.