ओंदु सारी, एरडु सारी

यंदा सुगीचा सण नकोच, असं ठरत आलं होतं.
रताळ्याला कीड, भात पावसानं आडवा,
कौलांचा कारखाना मिरगापासून बंद.
बैठकीत शांतवन मास्तर म्हणाले,
"देवाला काय रिकामी परडी दाखवायची?"
कोपऱ्यातून सगुणाबाई तळवार:
"दाखवूया की. परडी तरी कुणी दिल्या?"

मी मंडळीची चिटणीस. माझ्याकडं वही.
आदल्या रात्री घरी एकटीच
माझे स्वतःचे उपकार मोजायला बसले:
डोळे. लेकीचा फोन. चुलीपुरतं लाकूड.
चौथं काही आठवेना,
मग दिवा मालवला.

सकाळी खानापूरच्या रस्त्यानं माणसं आली,
कोण टमटमनं, कोण मलप्रभेच्या काठाकाठानं चालत.
पहिलं कडवं मराठीत, दुसरं कानडीत,
तिसऱ्याला ज्याला जे येईल ते.
कोंबडा आणला होता देवदान मादारनं, पाय बांधून.
तो प्रार्थनेत तीनदा आरवला.
पाळकांना पेत्र आठवला असणार,
आमेन म्हणताना हसू दाबत होते.

मी लिहीत गेले.
भात, दोन शेर. अळू, एक जुडी.
रताळी, कुदळीचा घाव लागलेली,
घाव भिंतीकडं वळवून ठेवलेली.
मग येसूदास आला, भट्टीवरचा,
छातीशी धरलेलं एक कौल घेऊन.
"पगार ऱ्हायला, हे मिळालं."
काय लिहू, विचारलं.
"कौल लिव्ह. एक."

लिलाव दानय्या पुकारतो.
ओंदु सारी... एरडु सारी...
आणि तिसऱ्याला थांबतो, लबाड,
कुणाचा तरी हात वर होईपर्यंत.
कौल सगुणाबाईनं घेतलं, परत चटईवर ठेवलं.
"पुन्हा पुकार गा."
मास्तरांनी घेतलं, परत ठेवलं.
देवदाननं कोंबड्याचे आलेले पैसे त्यातच घातले.
येसूदास खाली बघत बसला होता,
चौथ्या वेळी त्यानं मान वर केली
आणि स्वतःच्याच कौलाला दहा रुपये बोलला.
काय हसलो आम्ही, देवळात, मोठमोठ्यानं!

कौल छपरावर बसेना. माप वेगळं.
शेवटी जेवणाच्या वेळी
सांबाऱ्याच्या तापल्या पातेल्याखाली गेलं.
पंगतीत जागा नव्हती.
कुणीतरी म्हणालं, "सरक की जरा, बाईला बसू दे,"
आणि दोन गुडघ्यांमध्ये माझा गुडघा मावला.
रात्रीची चौथी ओळ
तेव्हा आठवली.

आता हिशेब लागत नाही.
जमा, चौदाशे ऐंशी रुपये.
ते कुणाच्या घरी गेले, पाळक म्हणाले, लिहू नको.
विक्री, कौल, पाच वेळा.
शिल्लक, कौल, एक.
मास्तर म्हणतात, हे खोड, तपासणीत अडेल.
मी खोडलेलं नाही.
त्यावर काजळीचा गोल आहे पातेल्याचा,
घासला तरी निघत नाही.