उणे बावीस

पहाटे तीनला काइया गोधडी उचलते
आणि खांबाच्या पोटातल्या नळीत थर्मामीटर सोडते.
बाहेर उणे बावीस.
आत एक्केचाळीस.
वहीत पेन्सिलनं लिहिते, शाई केव्हाच गोठली.

केमी नदी वरून पांढरी, खालून वाहती.
तिच्या मधोमध पुलाचा तिसरा खांब,
तीन दिवसांचा.
त्याच्यापाशी शेकोटी कुणी पेटवलेली नाही.
सिमेंट पाण्याला भेटलं की आपलं आपण तापतं.
माणसानं ती ऊब पळू द्यायची नाही,
एवढंच काम. रात्रभर.

काँक्रीट वाळतं म्हटलं की ओइवा चिडायचा.
"वाळतात ते मासे. आणि मोजे.
हे पितं. पाणी पिऊन दगड होतं.
वाळलं तर मेलं."

ओतणीच्या दिवशी याल्मारी ट्रकमधून ओरडला,
माल घट्ट झालाय, पाइपातून उतरत नाही,
पाच बादल्या पाणी मारू का?
ओइवा शिडी उतरला, सावकाश, गुडघा धरून,
आणि नळाच्या तोंडावर तळहात ठेवून उभा राहिला.
"जास्तीचं पाणी म्हणजे पाहुणा, याल्मारी.
येतं, सगळ्यांना हसवतं,
मग निघून जातं,
आणि बसलं होतं तिथे भोक राहतं."
त्याऐवजी ते तपकिरी औषध, काकवीसारखं,
खाली कागदाच्या गिरणीत स्प्रूस शिजवून उरलेलं.
दोन लिटर. ड्रम दहा मिनिटं गरगरला
आणि तोच माल, तेवढ्याच पाण्यात,
थुलथुलत सुटला.
"कोण किती पाण्यात आहे
ते आज नाही कळायचं," ओइवा म्हणाला.
"अठ्ठावीस दिवसांनी."

हवेचं मात्र काइयाला पटत नव्हतं.
शंभरात सहा भाग बुडबुडे, मुद्दाम घातलेले,
डोळ्यांना न दिसणारे.
भोक वाईट, मग बुडबुडा चांगला कसा?
ओइवानं तिची दुधाची बाटली रात्रभर बाहेर ठेवली.
सकाळी काच तडकलेली, दूध उभं.
"बर्फाला जागा लागते.
दिली नाहीस तर तो घेतो."
मग बराच वेळ डबा उघडायचा राहून
एवढंच बोलला:
"भोक उरलेलं असतं. बुडबुडा ठेवलेला."

आज ओइवा नाही. गुडघा कापायला ओउलूला गेलाय.
काइया कडेचा आकडा वाचते: एकोणीस.
पोट आणि कातडी यांच्यात बावीस अंशांचं अंतर,
वीसच्या वर गेलं की चीर पडते.
हात गोधडी ओढायला जातो,
तापलेल्याला वारा घालावा, आईनं शिकवलेलं.
हात तिथेच थांबतो.
गार पडलंय ते बाहेरचं.
ती दुसरी गोधडी आणते, तिसरी,
दोरी दातांनी ओढते, ओठाचं साल दोरीला चिकटून जातं.
पाचला अंतर सतरा.
सहाला पंधरा.
वहीत शेजारी शेरा लिहायची जागा आहे,
तिथे काही लिहीत नाही.

अठ्ठाविसाव्या दिवशी प्रयोगशाळेत
त्याच मालाचा ठोकळा दोन पोलादी तळव्यांमध्ये.
काटा चढत जातो. माणसं उगीच श्वास रोखतात.
चाळीस. सेहेचाळीस. बावन्न.
मग हलका, जवळजवळ खासगी आवाज,
आणि चारी बाजू गळून मधे डमरू उरतो.
सारखा तुटला म्हणजे चांगला तुटला.

त्यातला अर्धा काइया रुमालात बांधून
इस्पितळात नेते.
ओइवा चष्मा मागतो.
तुटलेल्या अंगावरून अंगठा फिरवतो,
एका जागी थांबतो:
तांबूस ग्रॅनाइटचा खडा, मधोमध दुभंगलेला.
चीर त्याला वळसा घालून गेली नाही,
आरपार गेली.
सिमेंटनं दगड सोडला नाही, दगडच आधी हरला.

"बघ," तो म्हणतो.
काइया बघते.
"औषध किती?"
"दोन लिटर."
"पाणी?"
"नाही."

नर्स येते, चादरीवरची पूड पाहून
तो धोंडा आधी उचला म्हणते.
ओइवा तो पांघरुणाखाली सरकवतो,
थंडी वाजेल म्हणून असावं, तसा.